सूचना ज्याची त्याला

१२ जानेवारी

ठकू,

मशीन पोचलं. दोन्ही कानांची जोडी, चार्जिंगची डबी, सोबतचा नवा फोन, सगळं शाबूत आहे. आई म्हणाली, "पोच लिही तिला," म्हणून लिहितेय. आपण दोघी फोनवर बोलत नाही, आणि एका पार्सलसाठी बोलायला लागावं असं मला वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी तू म्हणालीस, "आई काय तुझ्या एकटीच्या मालकीची आहे का?" मी फोन ठेवला. ठेवला तो ठेवला.

काल कानाच्या मशीनच्या दुकानात जाऊन ते बसवून घेतलं. तिथल्या बाईंनी आईला काचेच्या खोलीत बसवून दोन्ही कानांचं मोजमाप घेतलं आणि ते फोनमधल्या ॲपमध्ये भरलं. एक फॉर्म होता. संपर्काच्या रकान्यात मी माझा नंबर घातला, कारण आईला ते ओटीपी वगैरे जमणार नाही. खाली आईने सही केली. मग त्यांनी मशीन चालू केलं. आईने आधी छताकडे बघितलं. "हा पंखा एवढा खडखडतोय आणि कुणाला त्याचं काही नाही?" दुकानातले सगळे हसले. मीही हसले.

घरी येऊन चपला काढतोय तोच तुझा फोन. तुझा आवाज बाहेर येतच नाही, सरळ तिच्या कानात उतरतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी दोन हातांवर भाजी निवडत बसले होते आणि मला नुसतं आईचं "हो ना", "अगं बाई", "मग?" एवढंच ऐकू येत होतं. चाळीस मिनिटं. बारा वर्षं मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडतेय. घसा बसला की वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतेय. मला तिने कधी "मग?" म्हटल्याचं आठवत नाही.

शेजारच्या काकू मशीन बघून गेल्या. "धाकटीने पांग फेडले हो," म्हणाल्या. मी चहा टाकायला उठले.

चार्जरचा दिवा लाल आहे. हिरवा व्हायला किती वेळ लागतो ते कळव.

ताई


२ मार्च

ठकू,

पत्र मिळालं. चार ओळी चार्जरवर आणि एक ओळ "तू कशी आहेस?" बरी आहे.

आपल्या प्रभागाची निवडणूक झाली, ते तुला कळलंच असेल. तुला सगळं माझ्याआधी कळतं हल्ली. आई गेल्या चार निवडणुका टाकीवाल्याला मत देत आली. त्याने पाण्याची टाकी बांधली, वस्तीला पाणी आलं, म्हणून मीही त्यालाच देते. मतदानाच्या दिवशी सकाळी साडी नेसता नेसता आई म्हणाली, "यंदा मुख्याध्यापिका बाईंना."

मी म्हटलं, "का?"

"टाकी बांधून वीस वर्षं झाली. किती दिवस त्याच पाण्यावर मतं मागणार?"

"हे तुझं वाक्य नाही."

"मग कुणाचं?"

"ठकूचं."

"असेल. मला पटलं म्हणजे माझं झालं," ती म्हणाली आणि आरशात बघून पदर सारखा केला.

आता तुला वाटेल की मी तिला कधी काही कळू दिलं नाही. तसं नाही. पेपरातली बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत, म्हणून रोज मी पेपर वाचून महत्त्वाच्या बातम्या वहीत उतरवून द्यायचे. सगळ्या कशा उतरवणार? टाकीवाल्याच्या चौकशीची बातमी मी घेतली नव्हती, कारण ती मला बिनबुडाची वाटली. ती तू सांगितलीस. मग आईने मला विचारलं, "ही बातमी पेपरात आलीच नव्हती का?" मी म्हटलं, "आतल्या पानावर असेल."

मुख्याध्यापिका बाई निवडून आल्या. आई इतकी खूश, जणू हिच्या एका मतावर सगळं अडलं होतं. निकाल लागल्या लागल्या तुला फोन केला. मी समोरच बसले होते, पण मला सांगितलं नाही. मला काय, दिसतच होतं.

चार्जरच्या त्या चार ओळींत मशीनबद्दल माझं मतही विचारलंस. ग्राहक मंचासमोरच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात रोज लोकांच्या तक्रारींचे अर्ज टाइप करते मी, तेव्हा मत तर असणारच. वस्तू विकत घेतल्यावरही ती चालवायला कुणाची तरी परवानगी लागत असेल, तर ती वस्तू आपली नव्हे. जुने रेडिओ बघ. बटण पिळलं की चालू. यांचं मात्र रोज काही ना काही. कंपनीचे संदेश माझ्या फोनवर येत असतात. मी उघडत नाही, वेळ कुणाला आहे.

ताई


२१ एप्रिल

ठकू,

आईने फोन का उचलला नाही म्हणून तू काकूंना फोन केलास. मला पत्र टाकलं असतंस तरी चाललं असतं.

मशीन बंद पडलं आहे. सोळा तारखेला सकाळी आईने ते कानात घातलं आणि नेहमीसारखं पंख्याकडे बघितलं. मग बाहेर काढलं, पदराने पुसलं, परत घातलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बोलतेयस का?" मी बोलत होते.

कानाच्या मशीनच्या दुकानात नेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, मशीनमध्ये बिघाड नाही, कंपनीनेच वरून बंद केलंय, आम्ही काही करू शकत नाही. ऐकलंस? वरून. आपल्या घरातली, आपल्या आईच्या कानातली वस्तू कुणीतरी कुठेतरी बसून बंद करतं. असले अर्ज मी आठवड्याला तीन टाइप करते. एकाचा फ्रिज, एकीचं शिलाई मशीन, परवा तर एकाचं दाराचं कुलूप. लोक तारखांना हेलपाटे घालतात आणि शेवटी कंटाळून नवीन घेतात. कंपन्यांना तेच हवं असतं.

तू काकूंना विचारलंस की आधी काही सूचना आली होती का. नाही आली.

दुसरं मशीन पाठवू नकोस. तेही असंच होईल. तिला सवय आहे, आम्हा दोघींचं वहीवर चालतं. काल तिने विचारलं, "मुख्याध्यापिका बाईंनी काय काय केलं गं निवडून आल्यावर?" मी लिहिलं, "अजून काही नाही." ती म्हणाली, "लागतोच वेळ." मग बराच वेळ आम्ही पेपर घेऊन बसलो. बरं वाटलं.

दुपारी ती तू पाठवलेला फोन हातात घेते, कानाला लावते आणि ठेवते.

ताई


९ जून

ठकू,

तू आईला पाठवलेलं पत्र मी तिला वाचून दाखवलं, म्हणजे वहीत उतरवून दिलं. सगळं उतरवलं.

तुझ्या पत्राने तिच्या डोक्यात घातलं की तक्रार करायची. तिने मला सांगितलं, "साऱ्या जगाच्या तक्रारी टाइप करतेस, माझी कर." मी लिहिलं, "वेळ लागतो. उपयोग होत नाही." तिने आठवडाभर रोज सांगितलं. मी रोज तेच पान उघडून दाखवलं. मग ती सांगायची थांबली.

परवा मी दुकानात एका माणसाचा भाड्याचा करार टाइप करत होते. आमची झेरॉक्सवाली, ती बडबडी, माझ्या टेबलावर दोन कागद ठेवून म्हणाली, "हे आधी कर. म्हातारी बाहेर उभी आहे." मी कागद बघितले. आईचं अक्षर. बोटभर उंचीचं. एका ओळीत चारच शब्द बसले होते. ती एकटी बसने आली होती ठकू, कंडक्टरला "ग्राहक मंच" असं कागदावर लिहून दाखवत. झेरॉक्सवालीला माहीतही नव्हतं की ही माझी आई.

मी बाहेर गेले. ओरडूनच म्हटलं, "मला सांगायचं ना!"

"सांगितलं की," आई म्हणाली. "आठ दिवस."

तिथेच बाकावर बसवलं तिला आणि अर्ज टाइप केला. तिने लिहिलं होतं तसंच केलं, फक्त शुद्धलेखन सुधारलं. त्यात एक वाक्य आहे, 'मशीन बंद करण्यापूर्वी कंपनीने मला कोणतीही सूचना दिली नाही.' ते मी टाइप केलं. प्रिंट काढली. आईने सही केली आणि झेरॉक्सवालीने तिला हाताला धरून समोरच्या इमारतीत नेलं. मी करार पुरा केला.

लोक तिचं फार कौतुक करतात. मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "या वयात!" म्हणाले. कुणीतरी विचारलं की मशीन कुणी घेऊन दिलं. "धाकटीने," आईने बघता बघता ओठ वाचून उत्तर दिलं. तुझ्या बाबतीत तिला न ऐकताही कळतं.

ताई


३० ऑगस्ट

ठकू,

हे पत्र आईने लिहायला लावलं आहे. काय लिहायचं ते सांगितलं नाही. म्हणाली, "मी तिला काही बोलणार नाही. तू लिही."

काल मंचापुढे तिसरी तारीख होती. पहिल्या दोन तारखांना कंपनीचं कुणी फिरकलंच नव्हतं. काल एक वकील आला, तरुण, चुरगळलेला कोट, पण फाइल व्यवस्थित. लांब टेबलामागे अध्यक्षबाई आणि दोन सदस्य. पुढच्या बाकावर आई, शेजारी मी, मांडीवर वही आणि हातात जाड पेन. आईला ऐकू येत नाही, तेव्हा जे जे बोललं जाईल ते मी तिला लिहून दाखवायचं, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं. "मुलगीच ना तुम्ही? मग झालं."

वकील उभा राहिला. म्हणाला, "तक्रारदार म्हणतात सूचना मिळाली नाही. आमच्या कंपनीने तीनदा सूचना दिली. पंधरा मार्च, एक एप्रिल, चौदा एप्रिल. नव्या अटी मान्य करा, नाहीतर सेवा बंद होईल. बंद झाल्यावरही महिनाभराची मुदत दिली होती, त्याचा चौथा संदेश. चारही उघडून वाचले गेलेत, ही नोंद." आणि त्याने नंबर वाचून दाखवला. सावकाश, एकेक आकडा.

माझा नंबर, ठकू.

मी तुला लिहिलं की संदेश उघडत नाही. उघडत होते. तुला लिहिलं की सूचना आली नव्हती. आली होती. खाली एक निळं बटण होतं, 'मान्य आहे.' नुसतं बोट लावायचं होतं. पहिल्यांदा मी दुकानात होते, पुढ्यात कुणाच्या तरी फ्रिजचा अर्ज, मनात म्हटलं घरी जाऊन करू. ते विसरणं म्हणता येईल. दुसऱ्यांदा नाही म्हणता येणार. मी स्वयंपाकघरातून आईला विचारायला आले होते की आमटी अजून पातळ करू का, आणि तिने हात वर केला. "थांब गं, ठकूशी बोलतेय." मी आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले तेव्हाच तो संदेश आला. वाचला आणि फोन पालथा ठेवला. त्यानंतरच्या प्रत्येक वेळी मला पुरतं ठाऊक होतं मी काय करतेय. महिनाभराची मुदत होती तेव्हा रोज सकाळी वाटायचं, आज लावू बोट. मग ती वही घेऊन माझ्याशेजारी येऊन बसायची आणि मी म्हणायचे, उद्या.

"लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यांना सांगा वकील काय म्हणाले."

मी लिहिलं, 'कंपनी म्हणते'. तिथेच थांबले. पुढे काहीही लिहिता आलं असतं. 'कंपनी म्हणते आमची चूक नाही,' एवढं लिहिलं असतं तरी आईला पटलं असतं. ती माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होती, रोज बघते तशी, तिथून जे उमटेल ते खरं असं धरून. अक्षर नको तेवढं मोठं काढलं. लिहिलं, 'सूचना माझ्या फोनवर चार वेळा आली. मी वाचली. तुला सांगितली नाही.'

तिने वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि तिसऱ्यांदा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. उठून उभी राहिली.

तिचा आवाज तुला माहीत आहे, ऐकू येत नसलं की केवढा चढतो. खोलीच्या बाहेरचे लोकही दारात आले. म्हणाली, "बाई, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं ऑपरेटर होते. कान तिथेच गेले माझे. कॉल चुकीच्या नंबरला लागला, पलीकडच्याने उचलला, हॅलोसुद्धा म्हणाला, तरी आम्ही तो लागला असं धरत नव्हतो. परत लावायचो. मशीन माझं, कान माझे. सूचना गेली हिला. मला कुठे लागला कॉल?"

वकील म्हणाला, "फॉर्मवर मुलीचाच नंबर आहे. आणि सही यांचीच आहे." तेही मी लिहिलं.

"ऐकू न येणाऱ्यांना मशीन विकता," आई म्हणाली, "आणि त्यांना निरोप कसा द्यायचा ते तुम्हाला ठाऊक नाही? घरी पत्र टाकायचं. मला वाचता येतं."

अध्यक्षबाईंनी फॉर्म मागवून बघितला, सदस्यांना दाखवला. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण मुलीने सांगितलं नाही, त्याचं काय?"

तो प्रश्नही मलाच लिहावा लागला. आईने तो वाचला आणि म्हणाली, "ते मंचाच्या कामाचं नाही. मुलीचं मी घरी बघते."

मागून कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निकाल तिच्या बाजूने लागला. पंधरा दिवसांच्या आत कंपनीने मशीन फुकट चालू करून द्यायचं, आणि यापुढे सेवा बंद करायची असेल तर वापरणाऱ्याला लेखी कळवायचं. झेरॉक्सवालीने आईला मिठीच मारली. मी फायली गोळा करत राहिले.

बसमध्ये आई खिडकीशी बसली आणि मी तिच्या मागच्या सीटवर. घरी आल्यावर तिने पाणी प्यायलं आणि खुर्चीत बसली. "किती दिवस झाले?"

मी लिहिलं, 'साडेचार महिने.'

"मशीन बंद पडलं ठाऊक होतं, तरी वाटायचं, उरलेसुरले कानही गेले," ती म्हणाली. "रोज उठल्यावर टाळी वाजवून बघायचे मी. तू न्हाणीघरात गेलीस की."

मला हे माहीत नव्हतं, ठकू. एका घरात राहतो आम्ही.

तिने विचारलं, "का केलंस?" मी बरंच काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, 'तू माझ्याशी बोलायची थांबली होतीस.'

"तुझ्याशी काय बोलू? सगळा दिवस तू समोर असतेस." मग चढ्या आवाजातच, पण रागाने नाही, म्हणाली, "आणि तू मला विचारलंस कधी काही? बारा वर्षं नुसती सांगतेस. ती विचारते."

मी पेनाला टोपण लावलं.

माफ कर असं म्हणत नाही. तू करणार नाहीस आणि तुझ्या जागी मी असते तर मीही केलं नसतं. शिवाय खोटं कशाला लिहू, मला तुझा अजूनही हेवा वाटतो. तू लांब राहून तिला आवडतेस. मी तिची औषधं, तिची नखं, तिचे रुसवे, सगळं बघते आणि तिच्या अंगवळणी पडलेय, घरातल्या खुर्चीसारखी. तुझा फोन आला की तिचा चेहरा उजळतो, तो मला कधी उजळवता आला नाही. म्हणून मी तो मालवला. हे काल त्या बाकावर बसल्यावर मला कळलं असं म्हणणार होते, पण ते आधीपासून ठाऊक होतं.

ताई


१४ सप्टेंबर

ठकू,

मशीन बुधवारी चालू झालं. मशीनच्या दुकानात नवा फॉर्म भरला. पत्त्याच्या रकान्यात घरचा पत्ता आणि नंबर आईचा स्वतःचा. काकूंच्या नातीने तिला संदेशांची अक्षरं मोठी करून दिली आहेत. निळ्या बटणावर कसं बोट ठेवायचं ते ती शिकली. आता आलेला प्रत्येक संदेश मोठ्याने वाचून दाखवते, जाहिरातीसुद्धा. घर डोक्यावर घेतलंय.

सकाळी पेपर घेऊन बसलो तेव्हा मी तिला विचारलं, "आज कुठली बातमी वाचू?" तिने आधी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चौकशीचं काय झालं ते बघ." वाचली. सगळी वाचली, आतल्या पानावरच्या उरलेल्या मजकुरासकट. टाकीवाल्याबद्दल माझं मत तरी बदललेलं नाही. आमचं कडाक्याचं भांडण झालं. आमटी करपली.

आता शुक्रवारचं. तुझा फोन आला तेव्हा मी आत जायला निघाले होते. आई म्हणाली, "कुठे चाललीस? बस." पत्र तुला पोचलं असेल हे मला माहीत होतं. मी बसले. तुमचं काहीतरी बोलणं झालं आणि तिने एकदम फोन माझ्या हातात दिला. "घे. बोल तिच्याशी."

तीन वर्षांनी काय बोलणार? मी म्हटलं, "ठकू, मी आहे." मग म्हटलं, "पत्र मिळालं का?" आणि थांबले. फोनमधून काहीच ऐकू येईना. मला वाटलं तू ठेवलास. मग बघितलं तर आई मान हलवतेय. तेव्हा लक्षात आलं, फोन माझ्या हातात असला तरी तुझा आवाज जातोय तिच्याच कानात.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

आईने बोट वर करून मला गप्प केलं आणि ऐकत राहिली. तू निदान पाच मिनिटं बोलत होतीस. मी तिचा चेहरा बघत होते. आधी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ती "असं नाही गं" म्हणाली. मग डोळे टिपले. मग हसली, आणि हसता हसता माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी चुळबुळले.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "सांग ना, काय म्हणाली?"

"'बरं' म्हणाली."

"एवढंच? पाच मिनिटं?"

"मला जेवढं आठवतंय तेवढं सांगितलं. तुमच्यातलं तुम्ही बघा."

तिला सगळं आठवतंय, ठकू. तिला एक्स्चेंजमधले नंबरसुद्धा आठवतात. ती मला सांगत नाहीये. गेले दोन दिवस मी मागे लागलेय, ती नुसती हसते.

तेव्हा तू शुक्रवारी जे काही म्हणालीस ते मला लिहून कळव. शिव्या असल्या तर त्यासुद्धा. काही गाळू नकोस. आणि पाकिटावर माझं नाव घाल.

ताई